थंडीत न उठणारी गाडी

११ जानेवारी १९७६, रविवार. काम: गाडी थंडीत का उठत नाही ते शोधणे. मुदत: आज संध्याकाळ.

माझ्या तेव्हाच्या वहीत त्या पानावर एवढंच आहे, आणि खाली काळ्या तेलाचा एक अंगठा. मी रोजची कामं वहीत लिहीत असे आणि काम झालं की त्यावर आडवी रेघ मारत असे. या कामावरची रेघ दुसऱ्या दिवशीची आहे.

मुदत मी घातली नव्हती. ती मोठ्या बाईंनी घातली होती. कोराडीच्या वीज केंद्राच्या वसाहतीजवळच्या एका शाळेत जुलैपासून मी नववी-दहावीला विज्ञान शिकवत होते. नेमणूक तात्पुरती. शाळा सव्वासातला भरायची आणि मी राहायची सक्करदऱ्याला, म्हणजे नागपूर शहराच्या दुसऱ्या टोकाला. शहराच्या मध्यातल्या बर्डीवरून पहिली बस धरली तरी आठच्या आत कोराडी दिसत नसे. नोकरी मला पदवीमुळे मिळाली होती आणि टिकणार होती ती गाडीमुळे, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

दिवाळीपर्यंत गाडीने कुरकुर केली नाही. डिसेंबरात थंडी पडली आणि तिने सकाळी उठणं सोडलं. महिनाभर कधी धक्का मारून, कधी नशिबाने मी वेळ गाठली. जानेवारी लागला आणि नशीब संपलं. पहिल्या आठ-नऊ दिवसांत मी तीनदा उशिरा पोचले. शुक्रवारी मोठ्या बाईंनी मला बोलावलं, मस्टर माझ्यासमोर उघडं ठेवलं आणि खुर्ची दिली नाही.

"तीन लाल खुणा," त्या म्हणाल्या. "कारण?"

"गाडी सुरू झाली नाही."

"तिन्ही दिवस?"

"तिन्ही दिवस."

"तुम्ही विज्ञान शिकवता ना?"

शिपाई दारात उभा होता. तो हसला. मी त्याच्याकडे पाहिलं तेव्हा तो भिंतीवरचं वेळापत्रक वाचायला लागला.

"सोमवारी प्रार्थनेच्या रांगेत तुम्ही दिसल्या नाहीत तर तुमची नेमणूक मी पुढे चालू ठेवणार नाही," मोठ्या बाई म्हणाल्या. "दुसरा अर्ज माझ्या टेबलावर आहे. बी. एड. झालेली मुलगी आहे. वसाहतीतच राहते. पायी येईल."

'पायी येईल' हे त्यांनी अशा आवाजात सांगितलं, जणू मी रोज हत्तीवरून येत होते.

गाडी माझ्या वडिलांची. चौपन्न सालची, गोल बोनेटची, करड्या रंगाची. ते गेले तेव्हा भावांनी शेत घेतलं आणि मी गाडी घेतली. भावांना ती भंगार वाटत होती, त्यामुळे वाद झाला नाही. वडिलांनी मला एकोणिसाव्या वर्षी काटोल रोडवर ती चालवायला शिकवली होती, आणि चालवायच्या आधी पाना धरायला. माझ्या नवऱ्याला ती गाडी कधीच आवडली नाही. तो हिंगण्याच्या एका कारखान्यात देखभालीचं काम करायचा. कंपनीची बस त्याला सव्वासहाला कोपऱ्यावरून उचलायची. त्यामुळे गाडीची गरज मला आणि यंत्राचं ज्ञान त्याला अशी आमच्या घरातली वाटणी होती. निदान त्याच्या मते.

त्याच्या एका सवयीबद्दल इथेच सांगते. कारखान्यातून तो लाल कापडी वेष्टनाच्या तारेचे तुकडे खिशात घालून आणायचा. घरात जे हलेल, वाजेल किंवा गळेल ते तो त्या तारेने बांधून टाकायचा. स्वयंपाकघराच्या खिडकीची कडी, बादलीचा कान, आलमारीचं दार. त्याला दुरुस्ती येत नव्हती असं नाही. पण बांधलं की आवाज थांबतो, आणि आवाज थांबला की त्याच्या लेखी काम संपलं. न्हाणीघरातला नळ त्याने एकदा असा बांधला की तो गळायचा थांबला आणि उघडायचाही थांबला. आठ दिवस आम्ही विहिरीचं पाणी काढलं.

तर त्या महिन्यातल्या सकाळी. पावणेसहाला मी गाडीत बसायची, चोकचा नॉब पूर्ण बाहेर ओढायची आणि सेल्फ मारायची. इंजिन फिरायचं, पण पेट घ्यायचं नाही. चोक म्हणजे दुसरं काही नाही, कार्बोरेटरच्या तोंडावरची एक गोल झडप. नॉब ओढला की झडप मिटते, हवा कमी आणि पेट्रोल जास्त आत जातं. गार इंजिनाला असं दाट मिश्रण लागतं. इंजिन तापलं की नॉब आत ढकलायचा आणि झडप उघडायची. हे मला वडिलांनी शिकवलं होतं आणि मी ते बिनचूक करत होते. नॉब पूर्ण बाहेर. सेल्फ. काही नाही.

नवरा बशीत चहा ओतून पायरीवर उभा असायचा.

"काहून ओढून राहिली तो चोक?" तो म्हणायचा. "पेट्रोल जास्त होऊन राहिलं. आत घाल."

"गार इंजिनले चोक लागते."

"नागपुरात? नागपुरात चोक लागते म्हणे! तू काय उटीले राहते का वं?"

मग तो स्वतः गाडीत बसायचा. अॅक्सिलरेटरवर दहा वेळा पाय मारायचा, सेल्फ मारायचा, गाडीला शिवी द्यायचा आणि उतरायचा. एकदा त्याने अंघोळीचं गरम पाणी इंजिनावर ओतलं. वाफ झाली, गाडी तशीच. सहा वाजून दहा मिनिटांनी तो डबा उचलायचा.

"मले बस पकडायची आहे. तुले किती वेळा सांगितलं, सोड ही नोकरी. कोणी सांगितलं इतक्या पहाटे कोराडीले मरायले?"

"बस चुकन तुमची."

"हाव, माही बस वेळेवर येते," तो म्हणायचा आणि जायचा.

त्यानंतर मी कोपऱ्यावरच्या दोन दूधवाल्यांना हाका मारायची. ते कॅन उतरवून यायचे आणि तलावाच्या बाजूच्या उतारावर धक्का मारायचे. त्यातला मोठा फार बोलायचा. "बाई, गाडी विका आन् म्हैस घ्या. म्हैस बराबर पाच वाजता उठते." गाडी कधी पहिल्या धक्क्याला धरायची, कधी ऊन वर आल्यावर. आणि कोराडीला दुपारी एक वाजता, छतावर बोटभर राख साचलेली असताना, तीच गाडी पहिल्या सेल्फला गुरगुरत उभी राहायची. याचा अर्थ उघड होता. बॅटरी ठीक, ठिणगी ठीक. रोग फक्त थंडीचा. एवढं कळूनही मी महिनाभर पुढे सरकले नाही, कारण चोक तर मी ओढतच होते.

शनिवारी शाळेला सुट्टी होती. अकराच्या सुमारास मी चौकातल्या मिस्त्रीकडे गेले. कडुनिंबाखाली त्याचं दुकान, समोर तीन स्कूटर उलट्या पाडलेल्या. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. गाडीकडे पाहिलं.

"साहेब नाही आले?"

"गाडी माझी आहे. सकाळी थंडीत सुरू होत नाही."

त्याने खिडकीतून हात घालून सेल्फ मारला. उन्हात आलेली गाडी लगेच सुरू झाली. त्याने दोन्ही हात पसरले, जणू जमलेल्या लोकांना काही करून दाखवलं होतं. लोक म्हणजे स्कूटरचे तीन मालक.

"चालू तर होऊन राहिली, बाई."

"आत्ता होते. सकाळी सहाला होत नाही. सहाला घरी येऊन पाहा."

"सहा वाजता मी गाडी पाहू का स्वतःले पाहू?"

तिघेही हसले. मी हलले नाही.

"कार्बोरेटर उतरवून साफ करा लागन," तो म्हणाला. "चार दिवस ठेवा गाडी."

"सोमवारी सकाळी मला गाडी हवी."

"मग साहेबाले पाठवा, त्यायले समजावून सांगतो." पुन्हा स्कूटरकडे वळता वळता त्याने एक टोमणा मारला. "प्लग ओला येते का सुका, ते तरी पाहिलं का? प्लग काढता येते का तुमाले?"

मला प्लग काढता येत होता. पाहिला मात्र नव्हता. ही लाज घेऊन मी घरी आले, डिकीतून वडिलांची पान्यांची थैली काढली आणि वही उघडून रविवारचं काम लिहिलं.

रविवारी साडेसहाला मी बाहेर पडले. काचेवर दव होतं. मुद्दाम गार गाडी हवी होती. चोक पूर्ण ओढला, चार वेळा सेल्फ मारला, उतरले आणि पहिला प्लग काढला. सुका. दुसरा काढला. तोही सुका, उन्हात ठेवलेल्या वडीसारखा. नवरा महिनाभर सांगत होता की पेट्रोल जास्त होतं. आत पेट्रोल जातच नव्हतं.

मी दोन्ही प्लग पायरीवर त्याच्या चहाच्या बशीशेजारी ठेवले.

"हे काय?" तो म्हणाला.

"तुमचं जास्त झालेलं पेट्रोल."

त्याने प्लग बोटाने चाचपले, बोट लुंगीला पुसलं आणि बशी दुसऱ्या बाजूला घेतली.

पुढची पायरी वडिलांनी शिकवलेली होती. इंजिनाला थोडं पेट्रोल हाताने पाजायचं. पेटलं तर ठिणगी आहे आणि उपास पेट्रोलचा आहे. प्लग परत बसवले, वरचा एअर क्लिनर काढून बाजूला ठेवला, चहाच्या चमच्यात पेट्रोल घेतलं आणि कार्बोरेटरच्या तोंडात सोडलं. आत जाऊन सेल्फ मारला. गाडी ताबडतोब पेटली, तीन-चार सेकंद चालली आणि मेली.

मी दुसरा चमचा भरला आणि तसाच हातात धरून थांबले.

नॉब पूर्ण बाहेर होता. म्हणजे झडप मिटलेली हवी. कार्बोरेटरच्या तोंडावर झाकण हवं. मग माझा पहिला चमचा आत गेला कसा?

वाकून पाहिलं. झडप सरळ उभी होती. तोंड सताड उघडं.

"जरा गाडीत बसा," मी नवऱ्याला म्हणाले.

"काहून?"

"मी म्हणीन तेव्हा चोक ओढा, म्हणीन तेव्हा आत घाला. बस एवढंच."

तो कुरकुरत बसला. मी झडपेवर नजर ठेवली.

"ओढा."

"ओढला."

झडप हलली नाही.

"ओढा म्हणते ना!"

"ओढला ना बापा! पूर्ण बाहेर आला."

"आत घाला."

"घातला."

"आता ओढा."

"बाहेर आत, बाहेर आत, मी काय पंप मारून राहिलो का?"

नॉब येत होता, जात होता आणि झडपेला त्याचा पत्ता नव्हता. त्या क्षणी मला माझी चूक कळली. पावसाळ्यापासून तो नॉब फार हलका येत होता. पूर्वी त्याला ओढताना जोर लागायचा. मला वाटलं होतं, कोणीतरी तेल घातलं असावं, बरं झालं. सहा महिने मी त्या हलकेपणावर खूश होते. जो नॉब काहीच ओढत नाही तो हलकाच येणार. नववीच्या पोराने हे उत्तर दिलं असतं.

कार्बोरेटरच्या मागच्या बाजूला झडपेचा छोटा दांडा असतो. नॉबपासून आलेली तार तिथे एका बारीक स्क्रूने आवळलेली असते. मी बोटाने चाचपलं. तारेचं टोक मोकळं लोंबत होतं, स्क्रू नव्हताच. आणि दांडा दुसऱ्याच एका तारेने मागे ओढून बांधून ठेवलेला होता, चार वेढे घालून, टोक पिळून. त्यावर कोराडीची राख बसली होती. मी अंगठ्याने राख पुसली.

खालून लाल कापड निघालं.

"बाहेर या," मी म्हणाले.

"आता काय?"

"या आणि पाहा."

तो आला. त्याने पाहिलं. आपली गाठ माणूस ओळखतो. तो एअर क्लिनरकडे पाहायला लागला.

"हे केव्हा बांधलं?"

"मे महिन्यात," तो म्हणाला. "वर्ध्याच्या लग्नाले गेलो तेव्हा. चोक अर्ध्यात अडकून राहिला होता. काळा धूर, दर पाच मैलाले बंद. विसरली का? तू झाडाखाली बसली होती."

"आणि मले सांगितलं नाही."

"तूच म्हणाली, काहीही करा पण ही बया रस्त्यात बंद पडायले नको. केलं काहीही. पोचली ना लग्नाले? वरातीच्या आधी पोचली."

हे खरं होतं. शब्द माझेच होते. झाडाखाली बसून, डोक्यावर ओला टॉवेल घेऊन मी ते बोलले होते, आणि तो बोनेटखाली काय करतो हे उठून पाहिलं नव्हतं.

"मी मे महिन्यात म्हणाली होती," मी म्हणाले. "आता जानेवारी आहे."

"अकरा महिने या गावात चोक लागत नाही. एका महिन्यासाठी कोण सोडत बसन?"

इथे तो एकटा बोलत नव्हता, सगळं नागपूर बोलत होतं. आमच्या गावात प्रत्येक गोष्ट मे महिन्याकडे पाहून केली जाते. भिंती जाड, खिडक्या लहान, वाळ्याचे पडदे माळ्यावर तयार. मिस्त्री लोक गाडीतून काय काय काढून फेकतात, कारण उन्हाळ्यात ते नडतं. थंडीचं कोणी मनावर घेत नाही. ती येते, एक स्वेटर निघतो, मुळे-गाजरं स्वस्त होतात आणि संपलं. चौकातल्या मिस्त्रीला ही तार दाखवली असती तर त्याने शाबासकी दिली असती. नवऱ्याला, मला नाही.

"महिनाभर मी तुमच्यासमोर नॉब ओढून राहिली होती," मी म्हणाले. "रोज. तुम्ही चहा घेऊन पाहून राहिले होते. तुमाले ही तार आठवली नाही?"

"आठवली असती तर सांगितलं नसतं का?"

"मी विचारून राहिली."

"नाही आठवली."

ते मला खरं वाटलं नाही. पूर्ण खोटंही वाटलं नाही. माझी नोकरी जावी असं त्याला वाटत होतं, हे तो रोज तोंडाने सांगत होता, त्यासाठी तार आठवून लपवायची त्याला गरज नव्हती. आणि यावर भांडले असते तर दुपार गेली असती. मला दुपार हवी होती.

"स्क्रू कुठे आहे?"

"कोणता?"

"चोकची तार आवळायचा. तुम्ही काढला तो."

त्याने थोडा विचार केला. "वर्धा रोडवर असन," तो म्हणाला.

मी पक्कड घेतली आणि त्याचे चार वेढे सोडले. गाठ चांगली मारली होती, कबूल करते. दांडा सुटला, झडप खटकन फिरली. नंतर रॉकेलमध्ये चिंधी भिजवून मी झडपेची दांडी पुसली. मे महिन्यात ती का अडकली होती ते चिंधीवर आलं. धूळ आणि जुनं तेल यांचा काळा चिकट थर. दोन मिनिटांचं काम होतं. झाडाखालून उठले असते तर तेव्हाच झालं असतं.

उरला स्क्रू. रविवार, दुकानं बंद. मी घर धुंडाळलं. शिलाई मशीनच्या सुईचा स्क्रू जाड निघाला. घड्याळाचे फार बारीक. कुलपाचा एक जवळपास बसला आणि दुसऱ्या आट्याला अडकला. मग माझं लक्ष माजघरातल्या रेडिओकडे गेलं. त्याच्या वायरीच्या पिनमध्ये, पितळी दांडीत वायर आवळायला, एक छोटा स्क्रू असतो. मी पिन उघडली.

नवरा आतून आला.

"माह्या रेडिओची पिन काहून उघडून राहिली?"

"स्क्रू हवा."

"आन् मी बातम्या कशा ऐकू?"

"तार बांधा," मी म्हणाले.

तो दारात उभा राहिला. मला वाटलं, आता पिन हिसकावून घेईल. त्याने घेतली नाही. तो म्हणाला, "बाईच्या जातीनं इतकं हट्टी असू नये," आणि कोपऱ्यावर पान खायला गेला. परत आल्यावर रेडिओच्या दोन उघड्या वायरी भिंतीच्या भोकांत घालून त्याने आगपेटीच्या काड्या खोचल्या आणि बातम्या ऐकल्या. नेहमीपेक्षा मोठ्या आवाजात.

रेडिओचा स्क्रू बसला. बसताना एका मांजराएवढी कुरकुर केली आणि बसला. नॉब आत ढकलला, एका तांदळाएवढा बाहेर ठेवला, झडप हाताने सरळ उभी धरली आणि तार आवळली. मग नॉब ओढून पाहिला. पूर्वीचा जोर लागला. झडप मिटली. आत ढकलला, उघडली. वीस वेळा करून पाहिलं आणि एअर क्लिनर परत बसवला. त्यानंतर डिकीतून इंजिन फिरवायचं हँडल काढून पुढच्या सीटवर ठेवलं, कारण महिनाभर सेल्फ मारून बॅटरीचा जीव गेला होता आणि मला तिचा भरवसा नव्हता.

"आता मारून तर पाहा," नवरा म्हणाला.

"आता ऊन आहे. उन्हात ही नेहमीच सुरू होते. सकाळी पाहीन."

"सकाळी नाही झाली तर?"

"तर वसाहतीतली ती पोरगी पायी येईल."

त्याने सीटवरच्या हँडलकडे पाहिलं आणि तो आत गेला.

सोमवारी सकाळी पावणेसहाला मी गाडीपाशी होते. अंधार होता, काचेवरून पाणी ओघळत होतं, तोंडातून वाफ निघत होती. महिन्यातली सगळ्यात गार सकाळ असावी. काच पुसली. आत बसले. नॉब ओढला, जोर लावून. अॅक्सिलरेटरला पाय लावला नाही. सेल्फ मारला.

इंजिन एक फेरा फिरलं, खोकलं, थांबलं. खोकलं, हे महत्त्वाचं. महिन्याभरात ते खोकलंही नव्हतं. पुन्हा मारला. नुसतं कट्ट झालं. बॅटरी संपली.

दूधवाले अजून आले नव्हते. मी हँडल घेऊन उतरले आणि बंपरखालच्या भोकात बसवलं. नवरा पायरीवर आला. हातात चहा नव्हता.

"सरक, मी मारतो."

"नको."

"हात मोडून घेशील."

"अंगठा बोटांच्या बाजूला ठेवला तर मोडत नाही," मी म्हणाले. वडिलांनी हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. इंजिन उलटं झटकलं तर हँडल बोटांतून निसटतं, अंगठा पलीकडे असला तर मनगट जातं. मी अंगठा अलीकडे घेतला, हँडल खालून वर ओढलं. एकदा. दुसऱ्यांदा खोकलं. तिसऱ्यांदा ओढलं आणि गाडी पेटली. अशी पेटली की फाटकाजवळच्या कडुनिंबावरचे कावळे उठले. चोक ओढलेलं इंजिन मोठ्याने धावतं, त्याला इलाज नाही.

"अख्खी वस्ती उठवशील का?" नवरा ओरडला.

"हाव," मी ओरडले.

दोन मिनिटं मी तिला तशीच धावू दिली. मग नॉब अर्धा आत ढकलला. इंजिन घसरलं नाही. हँडल सीटखाली टाकलं, पुस्तकांची पिशवी घेतली, फाटक उघडलं. त्याची लाल तार पायरीवर ठेवली होती, ती तशीच राहू दिली.

दोन्ही दूधवाले तेवढ्यात समोरून येत होते. मोठा थांबला आणि माझ्याकडे निराश होऊन पाहत राहिला. बर्डीपर्यंत नॉब पूर्ण आत गेला. कोराडीच्या रस्त्यावर धुकं होतं, कोळशाचे ट्रक दिवे लावून एकामागे एक चालले होते. एकालाही मी पुढे जाऊ दिलं नाही.

सहा पंचावन्नला मी मस्टरवर सही केली आणि वेळ लिहिली. शिपायाने घड्याळ पाहिलं, मग मला पाहिलं, मग पुन्हा वेळापत्रक वाचायला लागला. सातला मोठ्या बाई आल्या. त्यांनी मस्टर उघडलं, माझी सही पाहिली आणि माझे हात पाहिले. नखांत काळं तेल होतं.

"हात धुवून या," त्या म्हणाल्या.

"प्रार्थनेनंतर," मी म्हणाले, आणि रांगेत जाऊन उभी राहिले.